उत्तरेचं रान लिनोवर उतरवताना

सडबरीतले खडक काळे आहेत. मुळात करडे, कुठे गुलाबी, पण वरून काजळी धरल्यासारखे. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातल्या या गावात निकेल आणि तांब्याच्या खाणी आहेत. 1883 साली रेल्वेचा रूळ टाकताना इथे खनिज सापडलं, आणि पुढची कित्येक दशकं ते उघड्यावर लाकडांच्या ढिगावर रचून महिनोन्महिने भाजलं जायचं, गंधक उडून जावं म्हणून. त्या लाकडासाठी आसपासचं रान तुटलं. उरलेलं गंधकाच्या धुराने करपलं. झाडं गेल्यावर माती पावसात वाहून गेली आणि उघडा पडलेला खडक काळा झाला. अपोलो 16 आणि 17 च्या अंतराळवीरांना सरावासाठी इथे आणलं होतं. इथली जमीन चंद्रासारखी ओसाड होती म्हणून आणलं, असं गावात अजून सांगतात. खरं कारण वेगळं आहे. सडबरीचं खोरं म्हणजे सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वी आदळलेल्या अशनीचं विवर, आपल्या लोणारसारखंच, पण त्याहून कितीतरी मोठं आणि जुनं. त्या आघाताने खडकांत काय बदल होतात ते त्यांना दाखवायचं होतं. गावाला मात्र आपली ओसाडीची गोष्टच प्रिय आहे, आणि गावाचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

नवऱ्याची नोकरी खाणीच्या यंत्रांशी निगडित, म्हणून आम्ही टोरांटोहून इकडे आलो. टोरांटोतल्या मराठी ओळखीपाळखीत सडबरी म्हटलं की "अगं बाई, एवढ्या वर?" हे ठरलेलं. नकाशा काढून बघितला तर सडबरी पॅरिसच्याही दक्षिणेला आहे, पण जानेवारीत उणे तीसमध्ये गाडीवरचं बर्फ खरवडणाऱ्या माणसाला अक्षांश सांगून उपयोग नसतो.

मी इलस्ट्रेटर आहे. कोल्हापूरची. मुंबईला जे. जे. अप्लाइडमधून, म्हणजे उपयोजित कलेच्या शाळेतून, बाहेर पडले, काही वर्षं जाहिरात एजन्सीत बिस्किटांचे पुडे आणि साबणाच्या वड्या रंगवल्या, मग पाठ्यपुस्तकं आणि दिवाळी अंकातल्या कथांना चित्रं. आमच्या वेळी आवारात एक ठरलेली थट्टा चालायची. पेंटिंगवाले ते कलावंत आणि आम्ही अप्लाइडवाले म्हणजे लेबलं चिकटवणारे. त्यांना कॅनव्हास, आम्हाला ले-आउट. त्यांना प्रेरणा, आम्हाला क्लायंट. आम्ही हसायचो, पण ते कुठेतरी आत जाऊन बसायचं. ज्या घरात दलालांच्या आणि मुळगावकरांच्या चित्रांसाठी दिवाळी अंक जपून ठेवले जायचे त्या घरातून मी आले होते, तरी बसायचं.

इथे आल्यावर टोरांटोतल्या एका छोट्या प्रकाशनाकडून मुलांच्या चित्रपुस्तकाचं काम आलं. उत्तरेकडच्या रानाचं एक वर्ष. मजकूर दुसऱ्या लेखिकेचा, थोडकाच, पानाला दोन-तीन ओळी. बत्तीस पानं, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकाचा नेहमीचा हिशोब. छपाईचा मोठा कागद घडी घालून कापला की सोळाच्या पटीतच पानं हाताला लागतात. सुरुवातीची शीर्षकाची वगैरे पानं सोडली तर चित्रकाराच्या वाट्याला बारा-चौदा स्प्रेड येतात, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली. मला काम मिळालं त्याचं एक कारण उघड होतं: मी "तिकडे" राहते.

राहणं आणि बघता येणं यात फरक पडतो. माझा हात पन्हाळ्याच्या पावसावर तयार झालेला. आमच्याकडे ज्याला लँडस्केप शिकायचं तो रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसतो, आणि आबालाल रहिमानांचं नाव ऐकल्याशिवाय त्याचं शिक्षण पुरं होत नाही. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी त्याच पाण्याची, त्याच झाडांची चित्रं केली. तिकडची हवा दमट. लांबची टेकडी आपोआप फिकी होते, निळसर होते, कडा विरघळतात. जलरंगात ओल्यावर ओलं टाकलं की निम्मं काम हवाच करून देते.

सडबरीच्या हिवाळ्यात हवा काहीच करून देत नाही. ती इतकी कोरडी असते की चार किलोमीटरवरच्या टेकडीची कड समोरच्या झाडाइतकीच धारदार दिसते. जवळचं गडद आणि लांबचं फिकं हा नियम इथे मोडतो. उलट कित्येकदा पायाजवळचं बर्फ पांढरंफेक आणि क्षितिजावरची स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची रांग काळीकुट्ट. जमिनीला पोत नाही, कारण पोत बर्फाखाली. सावल्या निळ्या आणि कडक. माझे वॉश, म्हणजे पातळ रंगाचे ओले थर, या सगळ्यावर पसरत होते आणि चित्रं दिसत होती कोकणात बर्फ पडल्यासारखी. आईला व्हॉट्सअॅपवर पाठवली तर ती म्हणाली, "छान आहे गं, पण थंडी वाजत नाही."

आईचं हे वाक्य मी टेबलासमोर लिहून चिकटवलं होतं.

मग मी इथे आधी कोणी काय केलंय ते नीट बघायला लागले. कॅनडात उत्तरेच्या रानाची चित्रं म्हटलं की ग्रुप ऑफ सेव्हन. 1920 साली टोरांटोत सात चित्रकारांनी एकत्र येऊन काढलेला गट. त्यांची चित्रं इथे कॅलेंडरवर, मगांवर, दवाखान्याच्या भिंतींवर सगळीकडे. इतकी की बघणंच होत नाही. पण त्यांची चरित्रं चाळताना मला एक गोष्ट दिसली आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले. मूळ सातांपैकी पाच जण टोरांटोच्या ग्रिप लिमिटेड नावाच्या एकाच कंपनीत कधी ना कधी नोकरीला होते. आणि ग्रिप म्हणजे काय? जाहिराती, लेटरिंग, माहितीपत्रकं, लेबलं! गट स्थापन होण्याआधीच गेलेला, पण ज्याच्याशिवाय त्या गटाची गोष्ट सांगताच येत नाही तो टॉम थॉमसन, तोही तिथलाच. 1917 च्या जुलैत ऑंटारिओतल्याच अल्गॉन्क्विन उद्यानाच्या कॅनो तळ्यात त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. रानात रंगवायला नेलेले त्याचे लाकडी फळे साधारण पाठ्यपुस्तकाच्या आकाराचे, 21 बाय 26 सेंटिमीटरच्या आसपासचे. एका बैठकीत संपणारे.

म्हणजे उत्तरेचं रान कसं दिसतं हे या देशाला ज्यांनी दाखवलं ते बहुतेक सगळे अप्लाइडवाले. आणि चित्रांकडे पुन्हा बघितल्यावर हे योगायोगाने झालं नसावं असं माझं मत झालं. सपाट आकार, ठसठशीत कड, तीन-चार रंगांत भागवायची सवय, पुढच्या झाडाची छायाकृती पोस्टरवरच्या अक्षरासारखी बसवणं हे सगळं एजन्सीच्या टेबलावर शिकायला मिळतं. इथल्या हिवाळ्याला तेच लागतं. थॉमसनच्या 1916-17 च्या 'जॅक पाइन'मध्ये ते वाकडं झाड नुसतं बघा. नक्षीदार अक्षर काढणाऱ्याचा हात त्यात लपत नाही. पुढे 1940 च्या दशकात याच परंपरेतल्या चित्रांच्या सिल्कस्क्रीन, म्हणजे ताणलेल्या जाळीतून एकेक रंग छापलेल्या, प्रती काढून सैनिकांच्या बराकींत आणि नंतर शाळांत, बँकांत लावल्या गेल्या. मूळ चित्रच सपाट रंगात विचार केलेलं असेल तर ते सिल्कस्क्रीनला किती सहज जातं हे छापखान्यात काम केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांत माझा जीव जडला फ्रँकलिन कारमायकेलवर. सातांतला वयाने सर्वांत लहान, 1890 चा. पोटासाठी आयुष्यभर डिझाइन आणि मग कलाशाळेत कमर्शियल आर्ट शिकवणं, उरलेल्या वेळात जलरंग आणि लाकडावरची कोरीव छपाई, पुस्तकांची चित्रंही. 1930 च्या दशकात त्याने आमच्या सडबरीच्या नैर्ऋत्येला ला क्लोश डोंगरांत क्रॅनबेरी तळ्याकाठी एक लाकडी खोली बांधली होती. त्या डोंगरांचा बराचसा भाग आता किलार्नी प्रांतिक उद्यानात येतो. आमच्या घरापासून गाडीने तासा-सव्वा तासावर.

म्हणून मी किलार्नीला जायला लागले, वर्षभर, जमेल तेव्हा.

थंडीत बाहेर बसून चित्र काढणं याबद्दल फार रम्य लिहिलं जातं. प्रत्यक्षात तो सगळा सामानाचा प्रश्न असतो. जलरंगाचं पाणी ब्रशवरच गोठतं आणि कागदावर नेच्यासारखी नक्षी उमटते. ती दिसायला सुंदर असते, पण घरी आल्यावर वितळून तिचा चिखल होतो. पाण्यात व्होडका मिसळली की गोठणं लांबतं. उणे दहापर्यंत निभतं, पुढे नाही. बॉलपेन बंद पडतो. मार्कर मरतो. फोनची बॅटरी बघता बघता संपते, त्यामुळे फोटोच्या भरवशावर राहता येत नाही. चालते ती पेन्सिल. 4बी, जाड, जिला बोटं कापलेल्या हातमोज्यातून धरता येईल. पाच मिनिटं काढायचं, दहा मिनिटं हात काखेत. त्या पाच मिनिटांत झाडाची प्रत्येक फांदी काढायचा मोहच होत नाही. आकार काढायचा, सर्वांत काळं कुठे ते ठरवायचं, बाण मारून बाजूला मराठीत लिहायचं: "इथे निळं, पण खालून गुलाबी", "हे सगळं सोड". माझ्या वह्या "हे सोड"नी भरलेल्या आहेत. काय काढायचं हे एजन्सीने शिकवलं होतं. काय सोडायचं ते थंडीने पक्कं करून घेतलं.

पांढऱ्या पाइनचंच बघा. किलार्नीच्या कड्यांवरची ही झाडं एका बाजूला झुकलेली असतात, कारण वारा सतत पश्चिमेकडून, जॉर्जियन उपसागरावरून येतो. वाऱ्याकडच्या फांद्या खुरटतात, पलीकडच्या लांबतात. लांबून ते झाड पूर्वेकडे बोट दाखवल्यासारखं दिसतं. जवळ गेलं की पाच-पाच सुयांचे झुबके, मऊ, हाताला टोचत नाहीत. लाल पाइनच्या सुया दोन-दोनच्या आणि ताठ. मुलांच्या पुस्तकात सुया मोजता येणार नाहीत, पण झुबक्याचा आकार त्यातूनच ठरतो. पांढऱ्या पाइनचा झुबका कड नसलेला, लाल पाइनचा ब्रशसारखा. हे बघितल्याशिवाय नुसतं "पाइन" काढलं की नाताळच्या भेटकार्डावरचं झाड येतं. लेखिकेच्या मजकुरात एका पानावर तामारॅक होता. सूचिपर्णी असूनही हे झाड शरदात सोनेरी होऊन सगळ्या सुया टाकतं. ते पान मला आयतं मिळालं. काळ्या स्प्रूसच्या दलदलीत उभे असलेले पिवळेधमक तामारॅक, दोनच रंग, काम संपलं.

उन्हाळ्याची बाजू वेगळी. बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये काळ्या माश्या येतात. चिलटाएवढ्या, पण कानामागे आणि केसांच्या कडेला चावून रक्त काढणाऱ्या. डोक्यावरून जाळी घेऊन बसावं लागतं, म्हणजे समोरचं सगळं रान करड्या जाळीतून. ओल्या रंगात माश्या चिकटतात आणि तिथेच राहतात. माझ्या एका स्केचमध्ये आकाशात खऱ्या माश्या आहेत. जुलैच्या शेवटी त्या गेलेल्या असतात आणि सडबरीच्या काळ्या खडकांवर ब्लूबेरी पिकते. आम्लधर्मी जमीन तिला मानवते. गावातले लोक बादल्या घेऊन निघतात; आमच्याकडे करवंदांच्या दिवसांत पोरं डोंगरात पांगतात तसे.

वल्हवायला मला शेजाऱ्यांनी शिकवलं. फिनिश वंशाचे, खाणीतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, मनात मात्र काकाच म्हणते. होडी डोक्यावर उलटी घेऊन दोन तळ्यांमधली पायवाट चालणं त्यांना या वयातही जमतं. मला अर्ध्यापर्यंतच. त्यांच्यासोबत जॉर्ज तळ्यावरून पुढे फ्रीलंड, किलार्नी करत ओ. एस. ए. तळ्यावर पहिल्यांदा पोचले तेव्हा होडीतच वही काढली. दोन्ही बाजूंना क्वार्टझाइटचे पांढरे डोंगर, उन्हाळ्यातही बर्फ असल्यासारखे. आणि पाणी निळं. नुसतं निळं नाही, पोहण्याच्या तलावाचं निळं, खाली कित्येक हात खोलवरचे दगड दिसतायत असं. लेखिकेच्या मजकुरातलं एक पान नेमकं असंच होतं: उत्तरेचं इतकं स्वच्छ पाणी की तळ दिसतो. मला वाटलं, झालं, हे मधलं स्प्रेड.

काका मागून म्हणाले, "आवडलं ना? यात मासे नाहीत म्हणून असं दिसतं."

मग त्यांनी सांगितलं, आणि घरी येऊन मी वाचलं. 1930 च्या सुमारास हे तळं ट्राउट लेक होतं. काठाची झाडं तोडायला काढली होती. ग्रुप ऑफ सेव्हनच्या ए. वाय. जॅक्सनने सरकारकडे आणि चित्रकारांच्या संस्थेकडे, म्हणजे ऑंटारिओ सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सकडे, धाव घेतली आणि तोड थांबली. त्या संस्थेच्या नावावरून तळं झालं ओ. एस. ए. लेक. पुढे 1964 साली सगळा भाग उद्यान झाला. चित्रकारांनी वाचवलेलं तळं! इथवर गोष्ट फारच गोड आहे. पण सडबरीच्या धुराड्यांतलं गंधक वाऱ्याबरोबर तिकडे जातच होतं आणि आम्ल पाऊस होऊन या तळ्यांत उतरत होतं. क्वार्टझाइटच्या खडकात आम्ल मारायला चुन्याचा अंश नाही. पाणी आम्ल झालं, मासे गेले. पाण्याला तपकिरी झाक देणारे सेंद्रिय पदार्थ कमी झाले, आणि पाणी आरपार निळं झालं. ज्या नावात ट्राउट होता त्या तळ्यात ट्राउट उरला नाही.

गावाजवळची हवा सुटावी म्हणून 1972 मध्ये सडबरीत 381 मीटर उंचीचं धुराडं उभारलं. त्यामुळे गावात श्वास घेता यायला लागला, पण धूर लांब लांब पोचला. काका म्हणतात, त्याआधी सकाळी जिभेवर गंधकाची चव असायची आणि बाया कपडे वाळत घालण्याआधी वारा कुठला ते बघायच्या. 1978 पासून गावाने उघड्या टेकड्यांवर चुनखडी पसरून झाडं लावायला घेतली. सुट्टीतली पोरं पाठीवर पिशव्या घेऊन हाताने चुनखडी फेकायची. तेव्हापासून एक कोटीच्या वर रोपं लागली. कंपन्यांनी गंधकही पुष्कळच कमी केलं आणि ते थोरलं धुराडं 2020 मध्ये बंद झालं. किलार्नीची तळी हळूहळू सावरतायत.

आता हे स्प्रेड काढायचं कसं? सहा वर्षांच्या मुलाला आम्ल पाऊस समजावणारं पान मला करायचं नव्हतं. पण त्या निळ्यात एक मासा आणि वर एक लून पक्षी पिल्लाला पाठीवर घेऊन, असं जे रफ, म्हणजे कच्चं चित्र, मी प्रकाशनाला आधी पाठवलं होतं आणि जे त्यांना फार आवडलं होतं, तेही हातातून उतरेना. मासे नसलेल्या पाण्यावर लूनला पिल्लं पोसणं अवघड जातं. आणि मग बाकीची पानंही तपासावीशी वाटायला लागली. माझ्या चौदा रफमध्ये तोडलेल्या झाडाचा एकही बुंधा नव्हता. एकही माणूस नव्हता, माणसाची खूणही नव्हती. मी सोडायला शिकले होते, आणि सोडता सोडता तेच सोडलं होतं जे या चित्रांमध्ये बहुतेक वेळा सुटतं.

सगळ्यांचं मात्र सुटलेलं नाही. थॉमसनने ओंडक्यांचे प्रवाह रंगवलेत, जळालेलं रान रंगवलंय, धरणामुळे बुडालेली झाडं रंगवलीत. कॅलेंडरवाले ती चित्रं घेत नाहीत. आणि ज्यांचा हा प्रदेश मुळातला, त्या अनिशिनाबे लोकांच्या चित्रांत रान कधी रिकामं नसतंच. किलार्नीच्या समोर मॅनिटुलिन बेट आहे. तिथल्या विक्वेमिकाँगमध्ये 1919 साली डॅफ्नी ओजिगचा जन्म झाला. दगडावर काम करणाऱ्या आजोबांकडून ती चित्र काढायला शिकली. पुढे तिने नानाबुशच्या, म्हणजे अनिशिनाबे लोककथांतल्या नायकाच्या, गोष्टींची मुलांसाठी चित्रं केली, 1973 मध्ये आदिवासी चित्रकारांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे तीही आमच्यातलीच, पुस्तकांना चित्रं काढणारी. तिच्या चित्रांत जाड वळणदार रेषा असते आणि त्या एकाच रेषेत माणूस, अस्वल, पाणी, आजी सगळे एकमेकांतून निघतात. मी ती मराठी मैत्रिणींना दाखवली की कोणीतरी "वारलीसारखं आहे ना?" म्हणतंच. नाही, अजिबात तसं नाही. ती रेषा माझी नाही आणि मी ती उचलणारही नव्हते. पण तिची चित्रं बघून आल्यावर माझी रिकामी तळी मला फार रिकामी दिसायला लागली.

तोवर मी माध्यम बदललं होतं. जलरंग बाजूला ठेवून लिनो घेतला. लिनोकटमध्ये जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, जे ठेवाल ते छापलं जातं. म्हणजे बर्फ कोरायचं आणि झाड ठेवायचं. या प्रदेशासाठी याहून नेमकी पद्धत मला सुचत नाही. मी रिडक्शन पद्धतीने करते, एकाच ब्लॉकवर. आधी पांढरं कोरून सर्वांत फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग त्याच ब्लॉकवर फिकं राहायला हवं ते कोरून दुसरा रंग वर, मग तिसरा, शेवटी काळा. दर वेळी ब्लॉक कमी होत जातो आणि शेवटी काळ्याची जाळी तेवढी उरते. मागे फिरता येत नाही. तिसऱ्या रंगाला आल्यावर क्लायंटने आकाश बदलायला सांगितलं तर हात जोडून नवा ब्लॉक घ्यायचा. म्हणून मी प्रकाशनाकडून रफवर आधीच लेखी मंजुरी घेते; एजन्सीच्या दिवसांची कमाई.

हिवाळ्यात तळघरात लिनो कडक होतो आणि गोज, म्हणजे कोरायचं हत्यार, घसरतो. ब्लॉक दहा मिनिटं हीटरसमोर धरला की लोण्यासारखा नाही तरी निदान ऐकेल इतपत मऊ होतो. चित्र उलटं उतरवायचं, कारण छाप आरशातल्यासारखी येते. झुकलेला पाइन पूर्वेऐवजी पश्चिमेकडे झुकला तर वाऱ्याची दिशाच फिरली! व्ही आकाराच्या गोजने पाइनच्या कडा, यू आकाराच्याने बर्फाची मोठी मैदानं. मैदान कोरताना सगळं साफ करायचं नाही. गोजचे थोडे उंचवटे मुद्दाम राहू द्यायचे, म्हणजे रोलर फिरताना ते शाई पकडतात आणि बर्फावर वाऱ्याच्या लाटा उमटतात. हे माझं मलाच सापडलं आणि त्याचा मला गर्व आहे. प्रत्येक रंगाला कागद त्याच जागी बसावा म्हणून कडेला दोन पिना. शाई तेलाची, सुकायला इथल्या हवेतही दोन-दोन दिवस. घरभर दोऱ्या बांधून प्रती लटकलेल्या. जेवताना डोक्यावर तामारॅक.

निळ्या तळ्याचा ब्लॉक कोरायला घेण्याआधी मी लेखिकेशी बोलले. तसं करायची पद्धत नाही. चित्रपुस्तकात लेखक आणि चित्रकार यांच्यामध्ये संपादक असतो आणि बहुतेकदा तो शहाणपणाने दोघांना लांब ठेवतो. मी संपादकालाच मध्ये घेऊन सांगितलं की तळ्याचं कारण असं असं आहे. लेखिकेला ते माहीत नव्हतं. संपादकाला भीती होती पान दुःखी होईल. पुष्कळ चर्चा झाली, तिचा तपशील कंटाळवाणा आहे. ठरलं ते असं: मजकुरातली ओळ तशीच, तळ दिसणारं पाणी, चित्रात ना मासा, ना लून, होडीत एक म्हातारा आणि एक मुलगी, मुलगी पाण्यात वाकून काहीतरी शोधतेय. कारण शेवटच्या पानावर छोट्या अक्षरांत, मोठ्यांनी वाचून दाखवायला. शरदाच्या स्प्रेडमध्ये बुंधे आले, त्यातल्या एकातून बर्चचं रोप वर आलेलं. पहिल्याच पानावर काळे खडक आले आणि त्यांच्यामध्ये ओळीने लावलेली पाइनची पोरं. ती ओळ मी सरळ ठेवली. जंगल सरळ ओळीत उगवत नाही, लावलेलं उगवतं, आणि मुलांना असलं लगेच दिसतं.

राहिला निळा. पडद्यावर दिसणारं ते निळं चार रंगांच्या छपाईत येत नाही. निळ्यात किंचित किरमिजी गेली की जांभळट, पिवळी गेली की शेवाळी. पहिल्या प्रूफमध्ये तळं आजारी दिसत होतं. पाचवा खास रंग घेतला तर खर्च वाढतो. शेवटी त्या पानावरची किरमिजी जवळजवळ काढून टाकली आणि भोवतीचे डोंगर कागदाचेच कोरे पांढरे ठेवले. शेजारी कोरं पांढरं असलं की तोच निळा दुप्पट बोलतो. ही युक्ती साबणाच्या वेष्टणावर शिकलेली.

पुस्तक आलं तेव्हा एक प्रत कोल्हापूरला गेली. आईने फोन केला. "एवढं काळं काय काढलंयस पहिल्या पानावर?" मग थोड्या वेळाने, "पण थंडी वाजली हो."

दुसरी प्रत शेजारी दिली. काकांनी चष्मा लावून सावकाश पानं उलटली. होडीतला म्हातारा आपण आहोत हे त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखून बोलले नाहीत. निळ्या पानावर थांबले.

"किलार्नीच्या काही तळ्यांत मासे परत दिसायला लागलेत म्हणे. पुढच्या आवृत्तीत इथे एक घाल."

मी सांगितलं की हा रिडक्शनचा ब्लॉक, कोरून संपलेला, त्यात आता काही घालता येत नाही. सगळं पहिल्यापासून नव्याने कोरावं लागेल.

"मग कोर की," ते म्हणाले.